घर सगळ्यांचं, बादली माझी

पत्राचा सारांश : पत्र गिरगावातून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ५४ वर्षांच्या. लग्न होऊन एका वाडीतल्या दोन मजली लाकडी घरात आल्या, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. खाली दोन खोल्या, वर दोन, पुढे व्हरांडा, वर मंगलोरी कौलं. घर शंभरीपलीकडचं. सगळी वाडी 'हेरिटेज' हद्दीत येते आणि घराला ग्रेड तीन आहे. वरच्या मजल्यावर ८३ वर्षांच्या सासूबाई. थोरले दीर पुण्याला, नणंद बोरिवलीला. एका बिल्डरने वाडीतली नऊ घरं एकत्र करून टॉवर बांधायचा प्रस्ताव आणला आहे. आठ घरं तयार आहेत, यांचं अडलं आहे. यजमान म्हणतात, "आजोबांचं घर आहे, मी असेपर्यंत एक खिळा हलू देणार नाही." २६ वर्षांचा मुलगा म्हणतो, "या घरात मी लग्न करून कोणाला आणू?" शेजारच्या काकू पाण्याच्या वेळेला ऐकवतात, "तुमच्या एका सहीपायी सगळे अडकलोत." ताई विचारतात : "होकार दिला तर मी वारसा विकणारी ठरेन. नकार दिला तर घर कधीतरी अंगावर येईल. शिवाय हेरिटेज म्हणजे दुरुस्तीही करता येत नाही असं ऐकलंय. मी काय करू?"

ताई,

तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यातली जवळजवळ तीन पानं कोण काय म्हणालं याची आहेत. यजमान काय म्हणाले, काकू काय म्हणाल्या, रविवारी कॅमेरे घेऊन वाडी बघायला येणाऱ्यांतली ती मुलगी काय म्हणाली. तिचा प्रसंग वाचून मी थांबलेच. जुलैतला पाऊस, तुम्ही व्हरांड्यात कौलातून गळणाऱ्या धारेखाली बादली सरकवताय, आणि ती खालून ओरडते, "काकू, किती लकी आहात तुम्ही!" तुम्ही हसलात असं लिहिलंय. मला नाही वाटत मी हसले असते.

पण तिसऱ्या पानाच्या तळाशी, जाता जाता, तुम्ही एक ओळ लिहिली आहे. "वरच्या मोरीखालची तुळई आता हाताने चुरते, बोट आत जातं." आणि लगेच पुढच्या ओळीत पुन्हा काकू.

ताई, ही ओळ पत्राच्या सुरुवातीला यायला हवी होती. वारसा, बिल्डर, मुलाचं लग्न हे सगळं तिच्यानंतर. त्या तुळईवर वरची मोरी आहे आणि त्या मोरीत रोज सकाळी ८३ वर्षांच्या बाई अंघोळ करतात. म्हणून पहिलं काम या आठवड्यातच करा : सासूबाईंचं अंथरूण खाली आणा, वरची मोरी बंद ठेवा, आणि त्या तुळईखाली तात्पुरता टेकू लावून घ्या. टेकू लावायला कुठल्या समितीची परवानगी लागत नाही आणि कोणाच्या तत्त्वालाही धक्का बसत नाही. सासूबाई खाली यायला तयार नसतील तर गुडघ्यांचं कारण सांगा. सतरा पायऱ्यांचा जिना तुम्हीच लिहिलाय, कारण अगदी खोटंही नाही.

आता बाकीचं बोलू.

'हेरिटेज आहे, हात लावता येत नाही' हे तुम्हाला कोणी सांगितलं? पत्रावरून दिसतं की दोघांनी. एक बिल्डरचा माणूस आणि दुसरे तुमचे यजमान. गंमत बघा, एकाला घर पाडायचंय, दुसऱ्याला तसंच ठेवायचंय, आणि दोघांनाही हा एकच समज सोयीचा आहे. दुरुस्ती होतच नाही म्हटलं की पहिल्याच्या टॉवरला पर्याय उरत नाही आणि दुसऱ्याला कौलावर चढावं लागत नाही.

खरी गोष्ट वेगळी आहे. मुंबईसाठी वारसा नियमावली १९९५ साली आली, देशातल्या कुठल्याही शहराच्या आधी. आता ती विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये ५२ व्या क्रमांकाच्या नियमात आहे. तिच्यात वास्तूंची प्रतवारी ठरवली आहे : ग्रेड एक, दोन-अ, दोन-ब आणि तीन. ग्रेड एक म्हणजे आपलं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस; तिथे वास्तूच्या बळकटीसाठी अगदी आवश्यक असेल तेवढंच करायचं. ग्रेड दोनमध्ये आतले बदल आणि नवा वापर साधारणपणे चालतो, पण छाननी होऊन. ग्रेड तीन, म्हणजे तुमचं घर, हे सगळ्यांत सैल. ते एकट्याने महत्त्वाचं म्हणून यादीत नसतं. गल्लीचा, मोहल्ल्याचा जो एक चेहरा असतो त्यातलं एक नाक किंवा एक डोळा म्हणून असतं. तिथे आतून आणि बाहेरूनही बदल करता येतात, फक्त चेहरा ओळखू आला पाहिजे. परवानगी पालिकेकडून, आणि गरजेप्रमाणे प्रकरण मुंबई वारसा संवर्धन समितीपुढे जातं. कुजलेली तुळई काढून त्याच मापाची दुसरी घालणं, कौलं बदलणं, मोरीचं पाणी बाहेर काढणं ही देखभाल आहे. देखभालीला आडवा येणारा हेरिटेजचा नियम मला अजून भेटलेला नाही. अर्ज, नकाशे, जुन्या घराचे फोटो, दोन-चार खेपा हे सगळं करावं लागेल. त्रास आहे, पण बंदी नाही.

हा गोंधळ फक्त तुमच्या घरात आहे असंही नाही. २०१२ मध्ये शिवाजी पार्क परिसर वारसा यादीत घालायचा प्रस्ताव आला तेव्हा तिथल्या, एरवी शहराच्या इतिहासावर तासभर बोलू शकणाऱ्या, कितीतरी कुटुंबांनी जोरदार विरोध केला. ती माणसं इतिहासाची वैरी नव्हती. आपल्या म्हातारपणाची एकुलती एक पुंजी सरकारी कागदात अडकेल ही त्यांची भीती होती. म्हणून तुमच्या काकूंनाही लगेच हावरट ठरवू नका. जिन्याखालचं सामाईक संडास, दोन गुडघ्यांचं ऑपरेशन आणि लिफ्टचं स्वप्न हे सगळं माणसाला बिल्डरच्या प्रेमात पाडायला पुरेसं आहे.

दुसरा समज : घर जुनं, लाकूड जुनं, म्हणजे आता संपलं. सागवान वयाने मरत नाही हो. ते पाण्याने मरतं. गिरगाव-ठाकूरद्वारच्या जुन्या घरांत मी जेवढे कुजलेले वासे आणि तुळया पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक मोरीखाली, संडासाच्या पाइपाजवळ नाहीतर पन्हळ फुटलेल्या कोपऱ्यात होत्या. ही घरं बांधली तेव्हा वरच्या मजल्यावर बरेचदा मोऱ्या नव्हत्या. नंतर प्रत्येक बिऱ्हाडाने सोयीसाठी खोलीतच मोरी केली, खाली लाकूड, वर कोबा, आणि मधल्या ट्रॅपमधून तीस वर्षं थेंब थेंब पाणी.

त्यात भर सिमेंटची. तुमच्या पत्रात आहे की २००९ मध्ये बाहेरून 'चांगलं पक्कं प्लास्टर' केलं आणि तेव्हापासून आतल्या भिंतीला पोपडे जास्त येतात. येणारच. तुमच्या भिंतीत वीट आणि चुना आहे. चुना ओल घेतो, ऊन पडलं की सोडतो. त्यावर सिमेंटचा कोट चढवलात की बाहेर जायची वाट बुजते. मग ओल आत वळते आणि तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं नेमकी तिथे मुरते. वरून रंग छान दिसतो, आत बोट जातं. पैसे खर्चून, चांगल्या हेतूने, आपणच हे करतो. वाडीत असं 'पक्कं' केलेली आणखी किती घरं आहेत ते एकदा फिरून बघा.

एखादा जुना सुतार मिळाला तर तो पाच मिनिटांत बरंच सांगेल. स्क्रू ड्रायव्हर घेऊन प्रत्येक तुळईच्या टोकाला, भिंतीपाशी, टोचून बघायचं. मग हातोडीच्या दांड्याने ठोकायचं : निरोगी लाकूड खणखणीत वाजतं, पोकळ झालेलं भद्द करतं. खडूने खुणा करायच्या. बरेचदा दिसतं की पंधरा तुळयांपैकी तीन-चारच गेल्यात, आणि त्यांचीही फक्त टोकं. कुजलेलं टोक कापून नव्या सागवानाचा सांधा देता येतो किंवा लोखंडी चॅनेलचा आधार. घराचं आयुष्य किती उरलंय हे या खुणांवरून कळतं, शेजाऱ्यांच्या बोलण्यावरून कळत नाही.

पण सुताराचं मत कोर्टात चालत नाही, म्हणून स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या. तीस वर्षांपुढच्या इमारतींना ते मुंबईत बंधनकारकच आहे. अहवालात चार वर्ग असतात : सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करायची, सी-२-अ म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२-ब म्हणजे रिकामी न करता मोठी दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. ऑडिटर बिल्डरने 'मोफत' दिलेला नको. लाकडी बांधकामाची सवय असलेला हवा, कारण ज्याने जन्मभर फक्त आरसीसी, म्हणजे सिमेंट-लोखंडाचं बांधकाम पाहिलंय त्याला लाकडाचं प्रत्येक घर सी-१ दिसतं. दोन अहवाल एकमेकांविरुद्ध आले तर पालिकेची तांत्रिक सल्लागार समिती असते, प्रकरण तिच्याकडे नेता येतं. वारसा जपणाऱ्या 'इन्टॅक' या संस्थेच्या मुंबई शाखेकडे किंवा आर्किटेक्चर कॉलेजांत चौकशी केलीत तर संवर्धनाचं काम करणाऱ्या आर्किटेक्टांची नावं मिळतील. आणि निष्पक्ष अहवाल खरोखरच सी-१ आला, तर वाद बंद, सामान बांधा. माझं जुन्या घरांवरचं प्रेम तिथे संपतं.

आता तिसरा समज, ज्यावर तुमचा मुलगा सगळा डाव लावतोय : टॉवर म्हणजे सुटका. मी त्याच्या बाजूने आहे, हे आधी सांगते. सव्वीस वर्षांच्या मुलाने स्वतःचं दार मागणं हा काही गुन्हा नाही. पण माझ्याच मामाचं सांगते. ठाकूरद्वारला त्यांची चाळ रिकामी झाली, करारात भाडं ठरलं होतं. चौदा महिने चेक आले, पंधराव्या महिन्यापासून बंद. मामी भाईंदरच्या भाड्याच्या घरात गेली, आणि मामा शेवटपर्यंत दर गुरुवारी त्या पत्र्याच्या कुंपणापर्यंत जाऊन यायचे. आत फक्त खड्डा होता, पावसात त्यात बेडूक ओरडायचे. प्रत्येक वेळी असं होतं असं मी म्हणत नाही; ज्यांना वेळेत किल्ल्या मिळाल्या अशीही घरं मला माहीत आहेत. फरक कागदांत होता.

म्हणून बिल्डरला थेट विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. तुमची वाडी किती फूट रुंद? तुम्ही लिहिलंय की गणपतीच्या वेळी हातगाडीही तिरकी करून आणावी लागते. उंच इमारतीला रुंद रस्ता आणि अग्निशमन दलाच्या गाडीला वाट लागते. म्हणजे नऊच्या नऊ घरं आणि रस्त्याकडची बाजू हातात आल्याशिवाय त्याचा नकाशा उभाच राहत नाही. त्यावर वाडी वारसा हद्दीत, म्हणजे गल्लीचा चेहरा बदलणाऱ्या बांधकामाला वेगळी छाननी. तेव्हा तो जे 'बावीस मजले' सांगतोय, त्याची मंजुरी त्याच्या हातात आहे की फक्त रंगीत चित्र आहे? मंजुरी असेल तर तिचा कागद दाखवायला त्याला दोन मिनिटं लागतील. त्याशिवाय करार रजिस्टर होणार का, भाड्यापोटी बँक गॅरंटी देणार का, 'पस्तीस टक्के जास्त जागा' हे कशावर मोजलेले पस्तीस टक्के आणि ते कार्पेट एरियात, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेत किती, प्रकल्पाची महारेरा या गृहप्रकल्पांच्या प्राधिकरणात नोंदणी कधी, बाविसाव्या मजल्याचा महिन्याचा देखभाल खर्च किती. या शेवटच्या प्रश्नाने बऱ्याच पेन्शनरांचे डोळे उघडतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो तीनचं गिरगाव स्टेशन सुरू झालं, तेव्हापासून या भागात असे प्रस्ताव घेऊन फिरणाऱ्यांना घाई आहे. ती घाई त्यांची आहे, तुम्हाला ती अंगावर घ्यायचं कारण नाही.

आता मला जे मुळात म्हणायचंय त्याकडे येते.

'मी होकार दिला तर', 'मी नकार दिला तर' असं पत्रात तुम्ही सात वेळा लिहिलंय. मी मोजलं. ताई, तुमची सही लागतच नाही. घर आजेसासऱ्यांच्या नावावर आहे, सासरे एकुलते, ते अकरा वर्षांपूर्वी गेले आणि मृत्युपत्र नाही, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे आज हक्क सासूबाईंचा, तुमच्या यजमानांचा, थोरल्या दिरांचा आणि नणंदेचा. कोणाचा हिस्सा नेमका किती हे वकील कागद बघून सांगेल, पण यादीत तुमचं नाव नाही. वारसा विकण्याचं पाप आणि घर पाडण्याचं खापर दोन्ही तुमच्या डोक्यावर, आणि प्रॉपर्टी कार्डावर तुम्ही कुठेच नाही! अठ्ठावीस वर्षं ज्या बाईने ताडपत्री बांधली तिच्यावर ठपका ठेवणं सगळ्यांनाच सोपं पडलंय. काकूंना पुढच्या वेळी शांतपणे सांगा, "सही माझ्याकडे नाही हो, ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारा." पाणी भरून होईपर्यंत तरी त्या गप्प बसतील.

आणि ज्यांच्याकडे सही आहे त्यांना कोणी विचारलंय का? चार पानांत नणंद एकदाच येते, गौरीच्या नैवेद्याला. तिचाही हक्क आहे, मुलगी म्हणून. तिला वगळून केलेला कुठलाही करार उद्या कोर्टात अडकेल. सासूबाईंना काय हवंय हे तर पत्रात कुठेच नाही. त्यांच्या खोलीचं वर्णन आहे, त्यांच्या औषधांचं आहे, त्यांच्या मताचं नाही. विचारा एकदा. कदाचित त्या म्हणतील मी इथेच जाणार. कदाचित म्हणतील, "मला तर त्या जिन्याचा कंटाळा आलाय गं, तुम्हीच चिकटून बसलात." म्हाताऱ्या माणसांच्या नावावर आपण बऱ्याच भावना खपवतो.

यजमानांबद्दल थोडं नाजूक आहे, पण बोलते. आजोबांच्या घरावर त्यांचं प्रेम आहे, ते खोटं नाही. जोत्याच्या दगडावर आजोबांनी कोरलेलं साल ते पाहुण्यांना दाखवतात, हे वाचून मलाही बरं वाटलं. पण शेवटचं कौल त्यांनी कधी बदललं? ताडपत्री तुम्ही बांधता, प्लंबरच्या मागे तुम्ही लागता, बादली तुम्ही सरकवता. 'एक खिळा हलू देणार नाही' या वाक्याची किंमत दरवर्षी जून ते सप्टेंबर तुम्ही भरताय. सरकारच्या यादीचंही काहीसं असंच आहे म्हणा. तुमचं घर शहराचा ठेवा आहे असं ती म्हणते, कौतुक शहर करतं, फोटो पाहुणे काढतात, गळतीचं बिल मात्र एका घराला येतं. यादी करणाऱ्यांनी मालकाच्या खिशाचाही विचार करायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. बांधकामाचा जो हक्क वारसा नियमांमुळे वापरता येत नाही तो टीडीआर म्हणून विकायची तरतूद नियमांत आहे, पण ती एका छोट्या घराला कितपत परवडेल हे आर्किटेक्टने तुमच्या घराचा हिशेब मांडल्यावरच बघा. त्या आशेवर आधीच खर्च करू नका.

आपल्या चर्नी रोडचं रॉयल ऑपेरा हाऊस बघा. विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडलं होतं, पुन्हा उघडलं ते २०१६ मध्ये, आणि दुसऱ्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याचं नाव होतं. तिथला घुमट बघून यजमानांना भरून येईल, नेऊन आणा त्यांना. पण त्याचे मालक गोंडलचं राजघराणं होतं. आपल्याकडे एक पेन्शन आणि मुलाच्या गाडीचा हप्ता आहे. तेव्हा प्रेम आकड्यांत मांडायला लावा.

ते असं. ऑडिट आणि दुरुस्तीचा अंदाज, निदान दोघांकडून, हातात आला की सगळ्यांना एका रविवारी बोलवा : दीर, नणंद, यजमान, मुलगा, आणि सासूबाई खुर्चीत मधोमध. कागद टेबलावर. 'घर ठेवू या' म्हणणाऱ्या प्रत्येकाने एक काम आणि एक रक्कम आपल्या नावापुढे लिहायची, तारखेसह. मोरी आणि तुळया कोणाकडे, कौलं आणि पन्हळ कोणाकडे, पालिकेच्या खेपा कोणाकडे, दर मेमध्ये छप्पर तपासणं कोणाकडे. तुमच्या नावापुढे काहीही लिहायचं नाही. तुमची पाळी अठ्ठावीस वर्षं झाली. कागद भरला तर घर राहू शकतं, आणि मग खालच्या एका खोलीतून उत्पन्नाचाही विचार करता येईल. राज्याच्या पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना आहे, कॅमेरेवाल्या मुलीला पैसे देऊन राहू द्या की. कागद कोराच राहिला तर तोही निर्णयच आहे. मग बिल्डरशी बोला, पण नऊ घरांनी मिळून, एक वकील लावून, एक-एकट्याने नाही. किंवा ज्याला ठेवायचंय त्याने बाकीच्यांचे हिस्से विकत घ्यावेत.

माझा कल विचाराल तर आधी मोरी आणि छप्पर नीट करा आणि एक पावसाळा काढा. तो खर्च वाया जाणार नाही, कारण कोरड्या घरात बसून केलेला सौदा आणि डोक्यावर टेकू असताना केलेला सौदा यांत बराच फरक पडतो. समोरच्यालाही तो दिसतो. टेकू बघून तो भाव पाडतो.

मधल्या वेळात कागद गोळा करा. प्रॉपर्टी कार्ड आजेसासऱ्यांच्या नावावरून वारसांच्या नावावर करून घ्या. हे राहिलंय म्हणून गिरगावात अर्धे व्यवहार रखडतात. जमीन तुमचीच आहे की फजिंदारी, म्हणजे घर तुमचं आणि जमीन दुसऱ्याची, हेही त्याच कागदांत कळेल. मालमत्ता कराच्या बिलावर दुरुस्ती उपकर लागतो का बघा. लागत असेल तर म्हाडाचं इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ हा वेगळाच रस्ता उघडतो.

याच विषयावर पागडीच्या भाडेकरूंचीही पत्रं येतात, त्यांच्यासाठी इथेच दोन गोष्टी. मालक 'इमारत पडली की तुमचा हक्क संपला' असं सांगत असेल तर घाबरू नका. इमारत गेली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. पालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली तर बाहेर जरूर पडा, पण त्याआधी कोणाची किती चौरस फूट जागा याची मोजून केलेली यादी पालिकेकडून सही-शिक्क्यासह घ्या. भाडेपावत्या, वीजबिलं, रेशनकार्ड एका पिशवीत घालून नातेवाइकांकडे ठेवा. आणि म्हाडा कायद्याच्या कलम ७९-अ खाली नोटीस आली, तर तिच्यात पुनर्विकासाच्या प्रस्तावासाठी मालकाला सहा महिने आणि नंतर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने अशी क्रमवारी असते. या कलमावर कोर्टात बरंच घडलं आहे, तेव्हा नोटीस तशीच वकिलाला दाखवा, चाळीच्या जिन्यावर तिचा अर्थ लावत बसू नका.

ताई, मृग लागायला तीन महिने आहेत. सुतार, ऑडिट आणि एका रविवारची बैठक यांना ते पुरतात. मुलाला ऑडिटच्या दिवशी सुट्टी घ्यायला सांगा. तुळयांवर खडूच्या खुणा त्याने स्वतःच्या हाताने करू देत, म्हणजे त्याचं मत व्हॉट्सॲपवरच्या ब्रोशरवरून बनणार नाही. आणि बैठकीचं निमंत्रण देताना आधी नणंदेला फोन करा, दिरांना नंतर.